वाचकांचे प्रश्न : निबंध ताज्या कलमात राहिला

प्रश्न : आदरणीय बाई, मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आता बेळगावात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला इंग्रजीत पाचशे शब्दांचा निबंध लिहायचा होता, विषय ‘द वीकली मार्केट’. मी स्पेलिंगची एकही चूक केली नाही. तरी सरांनी दहापैकी चार मार्क दिले आणि खाली लिहिलं, ‘नो थीसिस. पॉइंट्स नॉट डेव्हलप्ड.’ विचारायला गेले तर म्हणाले, स्ट्रक्चर नाही. स्ट्रक्चर म्हणजे इंट्रोडक्शन, बॉडी, कन्क्लुजन ना? ते तर तिन्ही होतं. मग चुकलं कुठं? निबंधाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
ता. क. : बाजारादिवशी फोन केलात तर मी उचलणार नाही. त्या दिवशी मी आजीजवळ बसते. तिच्याकडं उधारीची वही नाही, सगळं माझ्या डोक्यात असतं. रताळ्याची उधारी ती ठेवत नाही, भाजीचीच ठेवते, म्हणून तेवढं तरी लक्षात राहतं.
— एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : तुझा निबंध दोनदा वाचला आणि तुझं ताजं कलम चारदा. तुझ्या सरांना जे हवं होतं ते त्या ताज्या कलमात आहे गं! निबंधात त्यातलं एक अक्षर नाही.

आधी एक सांगते. या सदरात इंग्रजी वाक्यंसुद्धा देवनागरीतच छापतो. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. माझी निम्मी मुलं धड्याच्या ओळींवर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची आणि मी दिसले की हातानं झाकायची. त्यामुळं आपल्या लोकांना हे वाचायला जड जाऊ नये.

तुझ्या निबंधाचा दुसरा परिच्छेद असा आहे :

‘वीकली मार्केट इज व्हेरी इम्पॉर्टंट. इट हॅज मेनी ॲडव्हांटेजेस. पीपल बाय फ्रेश व्हेजिटेबल्स. इट इज चीप अँड बेस्ट. इट क्रिएट्स सोशल युनिटी. मोरओव्हर, इट इज अ पार्ट ऑफ अवर कल्चर.’

सहा वाक्यं आहेत आणि व्याकरण जवळपास स्वच्छ. पण हा बाजार खानापूरचा की चिकोडीचा की आणखी कुठला, काही कळत नाही. प्रत्येक वाक्य दाराशी येऊन बेल वाजवतं आणि आपण दार उघडेपर्यंत पळून जातं. ‘चीप’ म्हटलंस, पण कशापेक्षा? ‘युनिटी’ म्हटलंस, पण कुणाकुणाची? तू पुढच्या मुद्द्यावर गेलेली असतेस. ‘नॉट डेव्हलप्ड’चा अर्थ एवढाच. शब्द कमी पडले असं सर म्हणत नाहीत. एकाही मुद्द्यापाशी तू थांबली नाहीस, असं म्हणतात.

आता थीसिस. या शब्दाला घाबरू नकोस. विषय वेगळा आणि त्याबद्दलचं तुझं म्हणणं वेगळं. ‘आठवडी बाजार’ हा विषय झाला. ‘आठवडी बाजार फार महत्त्वाचा आहे’ हे म्हणणं असल्यासारखं दिसतं, पण नाही, कारण ‘छे, मला नाही पटत’ असं कुणी म्हणणारच नाही. ज्यावर शहाणा माणूस ‘कशावरून?’ असं विचारू शकतो, तेच म्हणणं. तुझ्या ताज्या कलमातून मी एक काढून देते, बघ :

‘पीपल से द वीकली मार्केट सर्व्हाइव्ज बिकॉज इट इज चीप. आय थिंक इट सर्व्हाइव्ज बिकॉज इट गिव्ज क्रेडिट.’

म्हणजे बाजार टिकलाय तो स्वस्ताईमुळं नाही, उधारीमुळं. यावर वाद घालता येतो. तुझे सरच म्हणतील, ‘असं कसं? लोक भाव बघूनच जातात की.’ ते असं म्हणाले की तुझा निबंध सुरू झाला म्हणून समज. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी असं एक वाक्य ठेवायचं आणि पुढचं प्रत्येक वाक्य त्याच्या चाकरीला लावायचं. जे वाक्य चाकरी करत नाही ते कितीही देखणं असलं तरी घरी पाठवायचं.

हे आपल्याला अवघड जातं आणि त्यात आपला दोष नाही. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ‘आजीनं काल बाजारात त्या बाईला मेथी उधार...’ इथपर्यंत ऐकलं तरी दिली की नाकारली ते कळत नाही. आपण शेवटच्या शब्दाची वाट बघायला लहानपणापासून शिकलेलो असतो. कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करतात, मग उत्तररंगात आख्यान लावतात, आणि आपण मांडी घालून निवांत ऐकतो. शाळेतला मराठी निबंधही आपण सुभाषितानं सुरू करतो आणि मुद्द्याची गाठ अखेरच्या ओळीत मारतो. इंग्रजी वाक्यात मात्र ‘ग्रँडमदर’ म्हटलं की पाठोपाठ ‘गेव्ह’ येतं. कॉलेजातल्या निबंधाचीही तीच तऱ्हा. निकाल आधी, सुनावणी नंतर.

आता गंमत बघ. ‘एसे’ हा शब्द फ्रेंचमधून आला. १५८० साली मिशेल द माँतेन्य नावाच्या फ्रेंच माणसानं आपलं फुटकळ चिंतन छापताना तो वापरला. अर्थ ‘प्रयत्न’, म्हणजे करून बघणं. त्याचे निबंध मनाला येईल तिकडं भटकतात. आपला ‘निबंध’ शब्द मात्र ‘बांधणे’ या धातूवरून आलेला. तेव्हा तुझे सर मागतात ते नाव ‘एसे’चं आणि काम निबंधाचं. भटकंती मजेची असते, पण ती तिसऱ्या वर्षानंतर कर. आत्ता बांधून लिही.

बांधायचं कसं? मी मुलांना तीन प्रश्न द्यायचे. शाळेत ते फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेले असायचे आणि शिपाईमामा ते पुसायचे नाहीत : ‘म्हणजे काय?’, ‘कशावरून?’, ‘मग काय?’ परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात एक मुद्दा सांगायचा आणि नंतर एक हट्टी म्हातारी समोर बसून हे तीन प्रश्न विचारतेय असं समजून लिहायचं. तुझ्याकडं तर म्हातारी आयतीच आहे. करून बघू.

पहिलं वाक्य : ‘माय ग्रँडमदर गिव्ज क्रेडिट ऑन मेथी, बट नॉट ऑन स्वीट पोटॅटोज.’

म्हणजे काय? ओळखीच्या बाईला ती मेथीची पेंडी पैसे न घेता देते आणि ती बाई पुढच्या बाजाराला पैसे आणून देते. तीच बाई रताळी उचलायला लागली तर आजी आधी हात पुढं करते.

कशावरून? कारण उधारी तुझ्या डोक्यात आहे. मागच्या बाजारी किती जणींकडं किती पेंड्या राहिल्या ते तुला माहीत आहे. खरा आकडा लिही. ‘मेनी कस्टमर्स’ म्हणू नकोस. सात असतील तर ‘सेव्हन’ लिही. सात हा आकडा ‘मेनी’पेक्षा मोठा दिसतो.

मग काय? इथं सगळ्यांचं घोडं अडतं, म्हणून जरा बसू. भाजीला उधारी आणि रताळ्याला रोख, असं का? तू लिहिलंस आणि पुढं गेलीस. मी असते तर आजीला विचारलं असतं. माझा अंदाज असा की ती म्हणेल, ‘मेथी संध्याकाळी परत डोक्यावरनं घेऊन जाऊ व्हय?’ मेथी दिवस मावळायच्या आत मान टाकते. रताळं पुढच्या बाजारापर्यंत थांबतं. म्हणजे उधारी हा आजीचा नुसता मोठेपणा नाही. नासणाऱ्या मालाचं ते गणित आहे. वाया जाणाऱ्या पेंडीपेक्षा आठवड्यानं येणारे दहा रुपये बरे. आणि घेणाऱ्या बाईची मजुरी आठवड्यानं हातात पडत असेल तर तिलाही हेच सोयीचं. दोघींची गरज एकाच जागी भेटते. इंग्रजीत एवढंच पुरे : ‘मेथी डाइज बाय इव्हनिंग. अ स्वीट पोटॅटो कॅन वेट.’

बघ, एका निरीक्षणातून अख्खा परिच्छेद निघाला आणि तुझ्या म्हणण्याला आणखी एक पीळ पडला. मघाशी आपण ‘बाजार उधारीवर टिकलाय’ म्हणत होतो. आता म्हणता येतं की उधारी टिकलीय ती माल नासतो म्हणून. लिहिता लिहिता थीसिस असा बदलला तर घाबरू नकोस, परत वर जाऊन पहिला परिच्छेद दुरुस्त कर. म्हणून तर सुरुवात मी नेहमी शेवटी लिहायला सांगते. तुझी सुरुवात ‘सिन्स एन्शंट टाइम्स मॅन हॅज बीन अ सोशल ॲनिमल’ अशी आहे. पाचशे शब्दांत बाजाराला पोचायचंय आणि तू आदिमानवापासून चालत निघालीस! आजीच्या पाटीपासून निघ.

या माकडचेष्टा मीही केल्यात. मी वडगावच्या विणकराची मुलगी, धारवाडला शिकायला गेले तेव्हा गाइडातली वीसेक वाक्यं तोंडपाठ होती. पहिल्याच निबंधात ‘इंडिया इज अ लँड ऑफ व्हिलेजेस’ ठोकून दिलं. प्राध्यापकांनी त्या ओळीपुढं तांबड्या शाईनं दोनच शब्द लिहिले : ‘सो व्हॉट?’ मला तो उर्मटपणा वाटला. लेडीज रूममध्ये जाऊन रडले. माझा तिसरा प्रश्न, ‘मग काय?’, म्हणजे त्याच तांबड्या शाईचं भाषांतर. त्यांना ते कधी कळलं नाही.

एक मोह आताच सांगून ठेवते. तुझी आजी गिऱ्हाइकाला भाव कन्नडात सांगत असेल आणि सुट्टे पैसे मराठीत मोजत असेल. आपल्याकडच्या अर्ध्या बाजाराचं असंच आहे, आणि हे लिहायला हात शिवशिवेल. लिहू नकोस. फार छान आहे, पण उधारीच्या चाकरीला लागत नाही. ते वेगळ्या वहीत टिपून ठेव, त्याचा दुसरा निबंध होईल. मात्र कन्नड बोलणाऱ्या बायकांनाही आजी तशीच उधार देत असेल तर गोष्ट वेगळी. मग ‘सोशल युनिटी’ला पुरावा मिळाला आणि ते वाक्य हक्कानं आत आलं. कुठली गोष्ट आत घ्यायची हे ती किती सुंदर आहे यावर ठरत नाही.

विरुद्ध बाजूलाही एक परिच्छेद दे. हल्ली भाजीच्या पाटीशेजारीसुद्धा क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकलेला असतो. कुणी म्हणेल, फोननं पैसे देता येत असताना उधारी कशाला? हे प्रामाणिकपणे मांड, म्हणजे सोपं करून खोडू नकोस. मग उत्तर दे : फोनमधून पैसे जातात ते खात्यात असले तर. उधारी लागते ती पैसे अजून यायचे असतात म्हणून. क्यूआर कोडनं नाण्यांचा प्रश्न सुटला, आठवड्याच्या मजुरीचा नाही. इतकं लिहिलंस की सरांच्या लक्षात येईल की या मुलीनं दुसऱ्याच्या जागेवर बसून बघितलंय. माझ्या मते निबंधात सर्वात जास्त वजन याच परिच्छेदाला असतं, आणि मुलं नेमका हाच गाळतात.

‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘इन ॲडिशन’ हे शब्द मी सरसकट खोडते. तुझ्या झेरॉक्सवर सहा वेळा खोडले. दोन परिच्छेद एकमेकांत बसत नसतील तर वरून खिळा ठोकून सांधा जुळत नाही. एक परीक्षा सांगते, पाच मिनिटांची. सगळ्या परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं एका कागदावर एकाखाली एक लिही आणि मोठ्यानं वाच. ती वाचून तुझं म्हणणं कळलं पाहिजे. मग दुसरं आणि तिसरं वाक्य अदलाबदल करून वाच. काहीच बिघडलं नाही तर तो निबंध नाही, किराणा मालाची यादी आहे. तुझ्या निबंधात मी असं करून बघितलं. काहीच बिघडलं नाही.

शेवट दोन-तीन वाक्यांत आटप. ‘थस वी कॅन कन्क्लूड’ म्हणून मागचं सगळं परत सांगू नकोस. पाचशे शब्दांत माणूस विसरत नाही. या सगळ्याचा परिणाम पुढं काय होणार तेवढं सांग. उद्या आजीची भाजी कुणी शीतपेटीत ठेवून दिली, मेथी दोन दिवस टिकायला लागली, तर ती उधार देईल का? एवढा प्रश्न टाकून थांबलीस तरी चालेल.

आणि भाषेचं म्हणशील तर आधी मराठीत, तोंडानं, मैत्रिणीला सांग. लिहून भाषांतर करू नकोस, नाहीतर ‘ग्रँडमदर इज हॅविंग नो नोटबुक’ असली वाक्यं होतात. सांगून झालं की जे मुद्दे आठवतात ते इंग्रजीत लिही, लहान वाक्यांत. ‘पेंडी’ला ‘बंच’ चालेल. पण रताळ्याच्या ‘वाट्या’ला नीट बसणारा शब्द इंग्रजीत नाही. तिथं ‘वाटा’ असंच लिहून पुढं अर्ध्या वाक्यात अर्थ सांग : जमिनीवर मांडलेला, वजन न करता विकायचा छोटा ढीग. परीक्षकाला राग येत नाही. उलट तो जागा होतो.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, मराठी माध्यम. तो गाइडमधले इंग्रजी निबंध पाठ करतो आणि मार्कही पडतात. शिकवणीचे सर म्हणतात, हेच बरोबर. मला पटत नाही, पण मला स्वतःला इंग्रजी येत नाही.
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे आणि सरांचंही अगदीच चूक नाही. पुढच्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेत इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा. लेखी ८० आणि शाळेतले २० असे १०० मार्क, आणि त्यात निबंधाचा वाटा लहान. पाठांतरावर तो निघून जाईल. अडेल तो पुढं, पहिल्या पत्रातली मुलगी जिथं अडली तिथं.

तुम्हाला इंग्रजी येत नाही हे इथं फायद्याचंच आहे. रोज रात्री त्यानं घरातल्या एकाच गोष्टीवर इंग्रजीत पाच वाक्यं लिहावीत आणि तुम्हाला मराठीत समजावून सांगावीत. वखारीत तंबाखूचा वास कसा येतो, मांजर कुठं बसतं, काहीही. तुम्ही मध्ये मध्ये ‘कशावरून?’ विचारा. त्याला सांगता आलं नाही तर वाक्य पाठ केलेलं आहे हे तुम्हाला चटकन कळेल. चुका तपासायच्या भानगडीत पडू नका. आणि पाठ केलेले निबंध फेकूही नका, परीक्षेपुरते राहू द्यात.

प्रश्न : मी नर्सिंग केलंय, परदेशी नोकरीसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतोय. रायटिंगला वेळच पुरत नाही. शब्द मोजण्यातच जीव जातो.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : त्या पेपरात दोन लेखनं असतात. पहिलं किमान १५० शब्दांचं, दुसरं म्हणजे निबंध किमान २५० शब्दांचा, आणि दोन्ही मिळून वेळ एक तास. निबंधाला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं, म्हणून ४० मिनिटं त्याला राखून ठेव आणि पहिलं वीस मिनिटांत आवर. वेळ कमी वाटत असला तर आधी निबंध लिहिलास तरी कुणी अडवत नाही.

त्या चाळीसातली पहिली पाच मिनिटं पेन टेकवायचं नाही. प्रश्न नेमका काय विचारतोय ते बघ. ‘किती सहमत आहात?’ असं विचारलं असेल आणि तू फायदे-तोटे लिहिलेस तर इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी मार्क कापले जातात. आपली मुलं पडतात ती इथं. मग दोनच मुद्दे निवड, चार नकोत, आणि एकेका मुद्द्याला एकेक भरीव परिच्छेद दे. उदाहरण वॉर्डातलं चालतं. रात्रपाळीला तू जे बघितलंस ते वर्तमानपत्रातल्या गोष्टीपेक्षा पटकन सुचतं आणि तू ते लहान, सरळ वाक्यांत सांगशील.

शब्द मोजत बसू नकोस. आज घरी तुझ्या अक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते एकदा मोज. दहा बसत असतील तर २५० शब्द म्हणजे २५ ओळी. परीक्षेत ओळी मोज. कॉम्प्युटरवर देणार असशील तर तेही नको, पडद्याच्या खाली आकडा दिसतो.